मदत शून्यावर

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी चेंडू उसळवायला शिकले. चेंडू लाल होता आणि तो फक्त लॅपटॉपच्या पडद्यावर होता, पण पहिल्यांदा जमिनीला टेकून वर गेला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले. रहिमतपुरात उभा जन्म खानावळ चालवलेली बाई मी. बँकेतले, तहसीलातले, शाळेतले कितीतरी एकटे जीव माझ्या हातचं खाऊन संसाराला लागले. पोळी फुगवायला सांगा, डोळे मिटून फुगवीन. चेंडू उसळवणं हे काही माझं काम नव्हे. पण आमच्या सरांचा उजवा हात परत हवा असेल तर हे शिकावं लागेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून मुकाट्याने शिकत होते.

आमचे सर म्हणजे हणमंत शेडगे, माझे यजमान. ज्ञानवर्धिनी विद्यालयात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. त्यांनी मैदानावर 'हुशार' म्हटलं की शेजारच्या गल्लीतले म्हातारेसुद्धा ताठ उभे राहायचे. लेझीम हा त्यांचा जीव की प्राण. मी एकदा थट्टेत म्हटलं होतं, तुम्ही माझ्याशी लग्न केलंत ते वरातीत लेझीम खेळायला मिळावी म्हणून. त्यावर ते नाही म्हणाले नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला आणि तो उचलायला हात खाली गेलाच नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. पाय काठीच्या आधाराने चालू लागला, बोलणं अडखळत का होईना पण आलं. उजवा हात मात्र जिथे ठेवाल तिथे पडून राहायचा. जेवताना ते तो डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायचे, आणि ते बघताना मला घास गिळवत नसे.

साताऱ्याच्या डॉक्टर ईरा भोईटे वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सरांच्या उजव्या हाताला, कोपराच्या खाली, रबरी पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "काका, मूठ उघडायचा प्रयत्न करा." हात हलला नाही. पण पडद्यावर एक बारीक रेघ थरथरली.

"बघितलंत काकी? हात हलत नाही, पण हुकूम येतोय."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मेंदूचा एक भाग मेला की त्यातून जाणाऱ्या तारा तुटतात, पण सगळ्या तुटत नाहीत. थोड्या उरतात. त्यांतून 'हात उघड' हा हुकूम हातापर्यंत पोचतो, पण इतका क्षीण की स्नायू जागचा हलत नाही. पट्टा मात्र तो टिपतो.

"मग पट्ट्यानेच हात हलवा की," मी म्हटलं.

"हलवता येईल. पण तो पट्ट्याने हलवलेला हात झाला, काकांनी नाही." त्या हसल्या. "मेंदू फार व्यवहारी असतो, काकी. त्याने हुकूम सोडला आणि लगेच डोळ्यांना त्याचं फळ दिसलं, तर ती वाट तो पक्की करतो. फळ दिसलं नाही तर वाट सोडून देतो. काकांचा मेंदू रोज हुकूम सोडतोय आणि पडलेला हात बघून हिरमुसतोय. आपण त्याला फळ दाखवायचं."

फळ दाखवण्यासाठी होतं 'चालना' नावाचं सॉफ्टवेअर. ते मुळात वेबपेजसाठी चित्रं करणाऱ्यांचं. बोट लावलं की मान वळवणारी, आपण हसलो की हसणारी, म्हणजे बघणाऱ्याला उत्तर देणारी चित्रं. कोणीतरी त्याला हा पट्टा जोडून पाहिला आणि लक्षात आलं की रुग्णाच्या हुकुमावर चित्राचा हात हलला, तर मेंदू तो हात आपला समजू लागतो. एकच अट. चित्र आपण स्वतः केलेलं हवं. दुसऱ्याने आणून दिलेलं चित्र मेंदू परकं मानतो, सांधा न् सांधा स्वतः जोडलेलं लवकर आपलं म्हणतो.

"म्हणून तयार बाहुला मी देणार नाही," भोईटे म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी करायचा. आणि उशीर नको. सुरुवातीचे सहा महिने मेंदू मळलेल्या कणकेसारखा असतो, देऊ तो आकार घेतो. नंतर तो सुकत जातो. हात यायचा असेल तर तेवढ्यात यायला हवा."

घरी येऊन जेवणाच्या टेबलावरचा लोणच्याचा सट बाजूला केला आणि लॅपटॉप मांडला. पहिला धडा चेंडूचा. चेंडू वर असतानाची एक मुद्रा द्या, खाली असतानाची एक द्या, मधल्या सगळ्या चौकटी मी भरतो, असं ते सॉफ्टवेअर सांगायचं. हे मला फारच आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मधलं काम आपणहून अंगावर घेत होतं.

दुसरा धडा माणसाचा. सरांनी डाव्या हाताने चित्र काढलं. एक कान मोठा, दुसरा जवळजवळ नाहीच, पोट सुटलेलं. मिशी मात्र अगदी त्यांची. आम्ही त्याला 'छोटे सर' म्हणू लागलो. सांधे मी जोडले. घोटा, गुडघा, कंबर, खांदा. प्रत्येक ठिकाणी एक टिंब ठेवायचं, त्या टिंबाभोवती तो अवयव फिरतो. कोपराचं टिंब मी चुकून मानेपाशी ठेवलं, तेव्हा छोट्या सरांचा हात पंख्यासारखा गरगर फिरला. सर आजारानंतर पहिल्यांदा हसले. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण पोट नेहमीसारखं हललं.

"म... माझा हात... बरा मग," ते म्हणाले.

छोटे सर काय करणार हा प्रश्नच नव्हता. लेझीम डाव्या हातात धरतात आणि उजव्याने वाजवतात. उजव्या मुठीत साखळीची कडी असते, ती झटक्यात ओढून लेझीम उघडली की चकत्या छण् करून एकमेकींवर आदळतात. पाय, कंबर, मान हे सगळं मी मुद्रा देऊन बसवलं. सर शेजारी बसून "गुडघा... वाक" म्हणायचे आणि मी वाकवायचे. उजवा हात तेवढा मोकळा ठेवला. तो पट्ट्याचा. मूठ उघडायचा हुकूम आला की छोटे सर लेझीम उघडणार, आणि मग बाकीचं अंग त्या ठेक्यावर पुढची हालचाल करणार. हुकूम नाही तर छोटे सर जागेवर.

पहिल्यांदा पट्टा जोडला तेव्हा सरांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि छोट्या सरांचा हात खरंच उघडला. मी टाळ्या वाजवल्या. सरांचं तोंड मात्र कडू झालं.

"नाही," ते म्हणाले.

"आता काय नाही? हलला की हात."

"झटका... नाही."

बरोबर होतं त्यांचं. लेझीम उघडत होती ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. दुपारभर मी धडे उलटेपालटे केले तेव्हा कारण सापडलं. चालना प्रत्येक हालचाल हळू सुरू करतं, मध्ये वेग घेतं आणि हळू संपवतं. फुलपाखराला ते शोभत असेल, लेझमीला नाही. त्या चढउताराची एक वाकडी रेघ असते. ती मी माऊसने ओढून सरळ उभी केली. माळ्यावरची लेझीम काढून तिचा आवाज फोनवर घेतला आणि हाताला जोडला. मग सर म्हणाले "हं", पडद्यावर हात उघडला आणि छण् झालं.

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मीही रडले. मग ते म्हणाले, "परत."

पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी होती, तिच्यावर लिहिलं होतं 'मदत'. हुकूम फारच क्षीण असेल तर यंत्र अंदाज बांधतं की याला हात उघडायचा असावा, आणि उरलेलं काम स्वतः करून टाकतं. रुग्णाने निराश होऊन नाद सोडू नये म्हणून ही सोय. भोईटेंनी बजावलं होतं, पट्टी अर्ध्यावर ठेवून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडी खाली आणा. शून्यावर आली की समजा काम झालं.

मी ती खाली आणली. एकदा.

मग आल्या शबाना मुलाणी. ज्ञानवर्धिनीच्या मुख्याध्यापिका, आणि एके काळी सरांच्या लेझीम पथकात पहिल्या ओळीत असलेली मुलगी. छोट्या सरांना बघून त्या खुर्चीवरच नाचल्या. म्हणाल्या, "सर, याची लिंक द्या मला. शाळेतली मुलं याच्याबरोबर खेळतील."

वेबपेजचा खरा जीव तिथे कळला मला. लिंक कोणीही कुठल्याही फोनवर उघडावी. फोनचा कॅमेरा समोरच्या मुलाला बघतो. छोटे सर लेझीम उघडतात, मुलाने उघडली की मान डोलावतात, चुकला तर थांबून पुन्हा दाखवतात. आणि छोटे सर हलेपर्यंत मुलंही पवित्र्यात उभी. दोन्ही बाजूंनी वाट बघणं. भोईटेंनाही ही कल्पना पसंत पडली. एकट्याने हजारदा हात उघडायचा प्रयत्न कोण करतो? समोर विद्यार्थी असला की शिक्षक करतो.

आणि सर करायचे. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे. पडद्याच्या खाली मुलांचे चिमुकले चेहरे उमटायचे. कोणी गच्चीवर, कोणी गोठ्यापुढे, हातात लेझीम नसेल तर लाटणं. जुने विद्यार्थीही येऊ लागले. एकजण मस्कतहून यायचा, टाय लावून लेझीम खेळायचा.

पण सरांचा हुकूम कधी पोचायचा, कधी नाही. नाही पोचला की छोटे सर गप्प उभे. मुलं पवित्र्यात खोळंबलेली. एखादं मूल कंटाळून निघून जायचं, आणि तो चेहरा पडद्यावरून गेला की सरांचा चेहरा पडायचा. ते मला बघवेना.

आमच्याकडे जेवायला बसलेल्या माणसाचं ताट रिकामं दिसलं की हात आपोआप पुढे जातो. तो नको म्हणतो, आपण वाढतो. तो खरंच नको म्हणतो, आपण म्हणतो, एवढीशीच. माझ्या खानावळीतून कोणी अर्धपोटी उठलेलं मला आठवत नाही. ती मदतीची पट्टी तशीच वाटली मला. सर अडले, छोटे सर थांबले, की मी हळूच पट्टी वर सरकवायचे, एवढीशीच. लगेच छण् व्हायचं, मुलं हलायची, सर खुलायचे. त्यांना कळायचंही नाही. दुसऱ्या दिवशी अजून एवढीशी.

मार्चपर्यंत छोटे सर असे काही खेळू लागले की बघत राहावं. एकही ठेका चुकत नव्हता. गावात आमचं नाव झालं. किराणा दुकानदार सामान बांधताना म्हणाला, "काकी, सर तर आधीपेक्षा जोरात आलेत." मी मान ताठ करून पिशवी उचलली. मुलाणी मॅडमनी जाहीर करून टाकलं की एक मे रोजी शाळेच्या हीरक महोत्सवात मैदानावर मोठा पडदा लागेल आणि छोटे सर सगळ्या शाळेला लेझीम खेळवतील.

त्या आनंदात आम्ही साताऱ्याला तपासणीला गेलो.

भोईटेंनी सरांचा हात हातात घेतला. "काका, उघडा." काही नाही. बोटाचं टोकसुद्धा हललं नाही. त्यांनी आपला पट्टा बांधला, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. रेघ पहिल्यापेक्षा बारीक झाली होती.

"लॅपटॉप आणलाय का?" त्यांनी विचारलं. मी उघडून दिला. त्यांनी कडेच्या पट्टीवर बोट ठेवलं. "काकी, ही एवढी वर कशी?"

"मुलं खोळंबत होती," मी म्हटलं. "थोडी थोडीच वाढवली."

"थोडी थोडी करत पार टोकाला गेलीय." त्या रागावल्या नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "इथे यंत्र हुकुमाची वाटच बघत नाही. ठेका ओळखून स्वतःच हात उघडतं. काकांच्या मेंदूला फळ फुकट मिळतंय, मग तो कशाला कष्ट करील? त्याने ती वाट सोडून द्यायला सुरुवात केलीय. मीही दर आठवड्याला बघायला हवं होतं."

सर माझ्याकडे वळले. "म्हणजे... तो... मी नव्हतो?"

मी लॅपटॉपचं झाकण लावलं. भोईटेच म्हणाल्या, "काका, अजून महिना-दीड महिना आहे. शून्यावरून सुरू करू."

घरी आल्यावर त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी ओढून पट्टा काढला आणि टेबलाखाली टाकला. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. फोनवर मुलांचे निरोप येत होते, सर कुठे आहेत. मी काय सांगणार?

त्या दिवशी दुपारी मी त्यांना आमटी-भात वाढत होते. आवडीची चिंचगुळाची आमटी केली होती, मन वळावं म्हणून. दुसरा डाव घेऊन वाकले तर त्यांनी डावा हात ताटावर आडवा धरला.

"वाढू नकोस," ते म्हणाले. सावकाश, एकेक शब्द जुळवत. "मला... लागलं तर... मी मागीन."

मी डाव तसाच धरून उभी राहिले आणि मग जे बोलायचं होतं ते सगळं बाहेर पडलं. "तुम्ही अडलात की माझा जीव खालीवर होतो. त्या मुलांसमोर तुमचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही. तुमचा हात गेला तेव्हापासून मी रोज घाबरलेली आहे, आणि घाबरले की मला वाढायलाच सुचतं. दुसरं काही येत नाही मला."

त्यांनी ताटावरचा हात उचलला. मग टेबलाखाली बोट दाखवून म्हणाले, "पट्टा... दे."

मदत शून्यावर आणली आणि छोटे सर मेल्यासारखे उभे राहिले. अख्खी सकाळ सर पडद्याकडे बघत होते, कपाळावरची शीर तट्ट फुगली होती, आणि तिकडे मिशीचा केसही हलत नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कोथिंबीर निवडत बसले. टेबलाशी बसले असते तर माझा हात त्या पट्टीकडे गेलाच असता. दुसरी सकाळ तशीच. मुलांना आम्ही खरं सांगून टाकलं, की आजवर यंत्र खेळत होतं, आता सर खेळणार आहेत आणि वेळ लागेल. बरीच मुलं गळाली. काही राहिली. लाटणं पवित्र्यात धरून, मध्येच आईशी बोलत, नाक खाजवत, पण राहिली.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात छण् ऐकू आलं. बारीकसं, अर्धवट. मी कोथिंबिरीसकट बाहेर धावले. सर घामाने निथळत होते. "मी," ते म्हणाले. "तो मी."

एप्रिलभर असं चाललं. कधी चार हुकुमांत एकदा, कधी सलग दोनदा. भोईटेंच्या पडद्यावरची रेघ आता जाड झाली होती. पण खरा हात अजून पडलेलाच. "हुकूम दारापर्यंत पोचलाय," त्या म्हणाल्या, "दार उघडत नाहीय. उघडायला हवं, आणि लवकर." तारखा मलाही कळत होत्या. दिवाळीपासून सहा महिने मोजले की मे उजाडतो.

उत्सवाच्या आदल्या दिवशी मुलाणी मॅडम आल्या. सर थकलेले बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, मार्चमधलं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तेच पडद्यावर लावते. उगाच ताण नको. कोणाला कळणार नाही."

"मला... कळेल," सर म्हणाले. मॅडमनी पुन्हा तो विषय काढला नाही.

एक मेच्या सकाळी ध्वजवंदन झालं आणि सारं गाव मैदानाच्या कडेला दाटलं. शाळेची मुलं पांढऱ्या कपड्यांत ओळी करून उभी, प्रत्येकाच्या हातात लेझीम. समोर पत्र्याच्या मांडवात भलामोठा पडदा, त्यावर छोटे सर, एक कान मोठा, पोट सुटलेलं. पडद्याच्या खालच्या कडेला बाहेरगावचे चेहरे, मस्कतवालाही टायसकट. मांडवातच एका बाजूला टेबल टाकून आम्ही दोघं बसलो. सरांचा उजवा हात टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवला होता, पट्टा बांधलेला. माझं काम एकच, काही अडलं तर लॅपटॉप सांभाळायचा. भोईटे पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मुलाणी मॅडमनी शिट्टी फुंकली. "हुशार. पवित्रा."

शेकडो लेझमी एकदम वर आल्या आणि थांबल्या. ढोलावरची टिपरी थांबली. सगळी शाळा छोट्या सरांच्या हाताकडे बघू लागली.

छोटे सर हलले नाहीत.

सरांच्या कपाळावरची शीर फुगली. श्वास जोरात चालू झाला. पडद्यावर काही नाही. पहिल्या ओळीतल्या एका मुलीचे हात थरथरू लागले, तरी तिने लेझीम खाली घेतली नाही. मागे कोणीतरी खोकलं. "बंद पडलं वाटतं," असं कोणी पुटपुटलेलं मला ऐकू आलं. मुलाणी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सरांच्या मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये गेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं जे मला कधीच बघवलं नव्हतं.

मी ठरवलं होतं, शप्पथ घेतली होती स्वतःशी. पण सारं गाव बघत होतं आणि माझा माणूस बुडत होता. माझं बोट पट्टीकडे गेलं. एवढीशीच, मी मनात म्हटलं. एकदाच.

काहीतरी माझ्या मनगटावर आपटलं.

मला आधी वाटलं टेबल हललं. मग मी खाली बघितलं. सरांचा उजवा हात होता तो. टेबलावरून वीतभर सरकत आला होता, मूठ उघडलेली, बोटं ताणलेली, आणि त्याने माझा हात लॅपटॉपवरून बाजूला ढकलून दिला होता. अगदी झटक्यात.

तोच झटका पट्ट्याने टिपला. पडद्यावर छोट्या सरांचा हात खाडकन उघडला आणि पाठोपाठ सगळ्या मैदानाच्या लेझमी एकदम वाजल्या. पत्र्याचा मांडव थरथरला. ढोलवाला भानावर आला आणि त्याने थाप मारली. सरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बोटं उघडली. छण्. पडद्यावर, मैदानावर आणि टेबलावर एकाच वेळी. मुलं गिरकी घेऊन बसली, उठली, वळली, आणि प्रत्येक ठेक्याच्या आरंभी आमच्या टेबलावर एक जाडजूड, केसाळ, सहा महिने पडून राहिलेला हात उघडत होता. मदत शून्यावर होती. मी तीनदा डोळे पुसून खात्री करून घेतली.

भोईटे धावत आल्या आणि टेबलापाशी गुडघ्यांवर बसून तो हात बघू लागल्या. त्यांना बोलता येत नव्हतं. सरांना येत होतं.

"हिला... लांब बसवा," ते म्हणाले. "मध्ये मध्ये... करते."

माझ्या मनगटावर त्यांच्या नखाचा लांबलचक लाल ओरखडा उठला होता. खेळ संपून मैदान ओरडायचं थांबेपर्यंत मला दम निघाला नाही. मी तो आधी भोईटेंना दाखवला, मग मुलाणी मॅडमना, मग पडद्याच्या कॅमेऱ्यासमोर धरून मस्कतवाल्याला. त्यानंतर मांडवातून उतरले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकाही पोराला न वगळता, सगळ्या शाळेला हात पुढे करून सांगत गेले, की बघा, हे सरांनी केलंय, उजव्या हाताने.